पहिले क्रिप्टो एक्सचेंज निवडताना: पैसे बाहेर कसे येतील, हे आधी पाहा

शेअर बाजाराची थोडीफार सवय असलेला मुंबईकर क्रिप्टोकडे वळतो, तेव्हा शेअर बाजारातली अनेक गृहीते तो नकळत सोबत घेऊन येतो, आणि नवख्या माणसाचा पहिला धोका मला तिथेच दिसतो. मी बरीच वर्षे फोर्टमधल्या एका ब्रोकरच्या कचेरीत सेटलमेंट विभागात काम केले. शेअरची कागदी प्रमाणपत्रे, त्यांना टाचलेले ट्रान्सफर फॉर्म, सही जुळली नाही म्हणून परत आलेली बॅड डिलिव्हरी, हे सगळे माझ्या हातांखालून गेले आहे. १९९६ मध्ये डिपॉझिटरी कायदा होऊन शेअरची नोंद संगणकावर ठेवणारी एनएसडीएल ही संस्था सुरू झाली, १९९९ मध्ये तशीच सीडीएसएल आली, आणि तो पसारा हळूहळू आवरला. कागद गेला हा त्या बदलाचा डोळ्यांना दिसणारा भाग होता. त्याहून मोठी गोष्ट अशी की तुमचा सौदा नोंदवणारा ब्रोकर, सौदा जुळवणारे एक्सचेंज, सौद्याची हमी घेणारे क्लिअरिंग कॉर्पोरेशन आणि तुमचे शेअर सांभाळणारी डिपॉझिटरी या चार वेगळ्या संस्था आहेत, आणि त्या चौघींवर सेबी या बाजार नियामकाची नजर आहे.

या वेगळेपणाचा उपयोग काय, हे २०१९ मध्ये कार्वी या ब्रोकर कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट दिसले. ब्रोकरने ग्राहकांचे शेअर स्वतःच्या कर्जासाठी तारण ठेवले होते. पण शेअर नेमके कुणाचे, याची नोंद डिपॉझिटरीकडे स्वतंत्रपणे असल्यामुळे सेबीच्या आदेशानंतर सुमारे ८३ हजार ग्राहकांचे शेअर त्यांच्या डिमॅट खात्यांत परत आले. ज्यांचे पैसे अडकले त्यांचा त्रास मोठा होता, हे मी नाकारत नाही. तरीही दुसरीकडे एक नोंद होती, आणि तिच्याकडे बोट दाखवता येत होते.

क्रिप्टो एक्सचेंजमध्ये ही चारही कामे बहुधा एकच कंपनी करते. तुमचे रुपये तिच्या बँक खात्यात जातात, सौदा तिच्या संगणकावर जुळतो, आणि खरेदी केलेले बिटकॉइन तिच्या ताब्यातल्या वॉलेटमध्ये, म्हणजे नाण्यांच्या डिजिटल तिजोरीत, इतर सर्व ग्राहकांच्या बिटकॉइनसोबत एकत्र राहते. अ‍ॅपवर तुम्हाला जी शिल्लक दिसते ती कंपनीच्या खातेवहीतली नोंद असते. म्हणून एक्सचेंज निवडणे म्हणजे आपली ठेव कुणाच्या हाती द्यायची हे ठरवणे आहे, आणि बाकीचे प्रश्न त्यानंतरचे आहेत.

डोंबिवलीला राहणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या दिवाळीत मला विचारले, “मावशी, सगळ्यांत कमी फी कुठे लागते तेवढे सांग ना, मी त्याच अ‍ॅपवर खाते उघडतो.” मी त्याला म्हटले, “फीचे नंतर बघू. आत टाकलेले पैसे आणि घेतलेली नाणी बाहेर कशी काढायची, ते मला आधी दाखव.” त्याने बराच वेळ अ‍ॅपमध्ये शोधले. त्यातल्या एका अ‍ॅपवर नाणी खरेदी करता येत होती, विकता येत होती, पण स्वतःच्या वॉलेटमध्ये पाठवण्याची सोय निवडक नाण्यांपुरतीच होती, आणि ही गोष्ट खरेदीच्या पानावर कुठेही लिहिलेली नव्हती. हा लेख त्या संभाषणातून पुढे आला आहे. क्रिप्टो घ्यावे की घेऊ नये, हा त्याचा विषय नाही. ज्याने घ्यायचे ठरवले आहे, त्याने दार कसे पारखावे एवढेच मला सांगायचे आहे.

सर्वांत आधी नोंदणी पाहावी. ७ मार्च २०२३ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने अधिसूचना काढून क्रिप्टोचे व्यवहार करणाऱ्या कंपन्यांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आणले आणि त्यांना फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट, म्हणजे एफआययू, या सरकारी विभागाकडे नोंदणी करणे बंधनकारक झाले. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस एफआययूने बायनान्स, कुकॉइन, क्रॅकन यांच्यासह नऊ परदेशी एक्सचेंजना नोटिसा दिल्या, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांची अ‍ॅप भारतातील अ‍ॅप स्टोअरवरून काढली गेली. पुढे बायनान्सला १८ कोटी ८२ लाख रुपयांचा दंड झाला, आणि नोंदणी करून त्याने भारतात पुन्हा काम सुरू केले. ज्यांनी तोवर या परदेशी अ‍ॅपवर पैसे ठेवले होते, त्यांचे ते दिवस फार काळजीत गेले. म्हणून नोंदणी नसलेले एक्सचेंज, ते जगात कितीही मोठे असो, नवख्या माणसाने विचारातच घेऊ नये असे माझे ठाम मत आहे.

मात्र या नोंदणीचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण जाहिरातींत तिचा उल्लेख असा केला जातो की वाचणाऱ्याला सरकारने सुरक्षिततेची हमी दिल्यासारखे वाटावे. ती नोंदणी काळा पैसा रोखण्यासाठी आहे. कंपनी ग्राहकाची केवायसी करते का, संशयास्पद व्यवहार कळवते का, नोंदी ठेवते का, हे त्यातून पाहिले जाते. तुमची नाणी चोरीला गेली तर ती भरून देण्याची जबाबदारी त्या नोंदणीतून कुणावरही येत नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत विमा आहे. शेअर ब्रोकर बुडाला तर एक्सचेंजचा गुंतवणूकदार संरक्षण निधी काही मर्यादेपर्यंत मदतीला येतो. क्रिप्टो एक्सचेंजच्या ग्राहकाला यांपैकी काहीही लागू नाही. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले होते. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले खरे, पण त्यामुळे क्रिप्टो कायद्याने नियंत्रित झाले असे नाही. बंदी उठली एवढेच झाले.

ठेव कुणाच्या हाती आहे, या प्रश्नाचे गांभीर्य वझीरएक्सच्या घटनेतून जितके समजते तितके कुठल्याही माहितीपत्रकातून समजणार नाही. मुंबईत काम चालणाऱ्या या एक्सचेंजच्या एका वॉलेटमधून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी ५० लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण दोन हजार कोटी रुपयांची नाणी चोरीला गेली. ते वॉलेट अनेक सह्यांचे होते. कंपनीने दिलेल्या माहितीनुसार त्याला सहा सह्याकर्ते होते, पाच कंपनीचे आणि एक वॉलेट सांभाळणाऱ्या लिमिनल या सेवा कंपनीचा. कुठलाही व्यवहार पुढे जाण्यासाठी कंपनीच्या तिघांची आणि त्यानंतर लिमिनलची मंजुरी लागत असे. एवढी व्यवस्था असूनही पडद्यावर दिसणारा व्यवहार एक आणि प्रत्यक्षात सही झालेला व्यवहार दुसराच, असे घडले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदनात या चोरीची जबाबदारी उत्तर कोरियाच्या हॅकरांवर ठेवली.

चोर कोण, हा प्रश्न ग्राहकाच्या दृष्टीने दुय्यम होता. चोरीला गेलेली नाणी इथेरियम या क्रिप्टोच्या जाळ्यावरची, म्हणजे नेटवर्कवरची होती, तरी ज्यांच्या खात्यात फक्त बिटकॉइन होते त्यांनाही ते काढता येईना, कारण तूट सर्वांची मिळून एकच मानली गेली. मूळ कंपनी सिंगापूरची असल्यामुळे फेररचनेची प्रक्रिया सिंगापूरच्या उच्च न्यायालयात चालली. ग्राहकांचे मतदान झाले, योजना एकदा न्यायालयाने नाकारली, पुन्हा मतदान झाले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजुरी मिळून एक्सचेंज परत सुरू झाले. विरार, कल्याण, परळ इथे बसलेल्या माणसाने सव्वा वर्ष सिंगापूरच्या न्यायालयाच्या तारखांकडे डोळे लावून बसायचे, ही परिस्थिती खाते उघडताना कितीजणांच्या मनात आली असेल? त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये या एक्सचेंजची मालकी नेमकी कुणाकडे आहे यावरूनच वझीरएक्स आणि बायनान्स यांच्यात उघड वाद झाला होता. २०१९ मध्ये विकत घेतल्याचे जाहीर केलेला व्यवहार पूर्णच झाला नव्हता, असे बायनान्सचे म्हणणे होते. तेव्हाच अनेकांनी सावध व्हायला हवे होते.

या सगळ्यातून नवख्या माणसाने उचलायची गोष्ट साधी आहे. खाते उघडताना ज्या अटींवर आपण न वाचता ‘मान्य’ असे दाबतो, त्यांत करार कोणत्या कंपनीशी होतो आहे, ती कोणत्या देशात नोंदलेली आहे, वाद झाल्यास कोणत्या देशाचा कायदा आणि कुठले न्यायालय लागू होईल, हे लिहिलेले असते. बाकीचा मजकूर राहिला तर राहू द्या, पण एवढी दोन-तीन कलमे वाचाच. चोरी झाल्यास नुकसान कुणी सोसायचे, याबद्दलही तिथे सहसा एखादे वाक्य असते, आणि ते बहुधा कंपनीच्या बाजूचे असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने क्रिप्टो ही मालमत्ता आहे असे म्हणून एका ग्राहकाला संरक्षण दिले, ही समाधानाची बाब आहे. पण त्यासाठी त्या ग्राहकाला न्यायालयात जावे लागले, हेही लक्षात ठेवावे.

वझीरएक्सच्या चोरीनंतर साधारण एका वर्षाने, १९ जुलै २०२५ रोजी, कॉइनडीसीएक्स या दुसऱ्या भारतीय एक्सचेंजमधून सुमारे चार कोटी ४० लाख डॉलर, म्हणजे ३७८ कोटी रुपयांच्या आसपास रक्कम चोरीला गेली. कंपनीने सांगितले की चोरी झालेले खाते कंपनीच्या स्वतःच्या कामकाजाचे होते, ग्राहकांची नाणी वेगळ्या कोल्ड वॉलेटमध्ये, म्हणजे इंटरनेटपासून तोडलेल्या वॉलेटमध्ये, सुरक्षित होती, आणि नुकसान कंपनी आपल्या निधीतून सोसेल. व्यवहार आणि रुपये काढणे चालू राहिले. दोन घटनांतला हा फरक मला फार बोलका वाटतो. चोरी दोन्हीकडे झाली, पण ग्राहकांची ठेव आणि कंपनीचा कामकाजाचा पैसा वेगळा आहे का, आणि धक्का सोसण्याएवढा निधी कंपनीकडे आहे का, यावर ग्राहकाचे भवितव्य ठरले. कोणतेही एक्सचेंज निवडताना हे दोन प्रश्न त्यांच्या ग्राहक सेवेला लेखी विचारावेत. उत्तर काय येते यावरून कळतेच, आणि उत्तर किती दिवसांनी येते यावरूनही बरेच काही कळते.

याच संदर्भात ‘प्रूफ ऑफ रिझर्व्ह’, म्हणजे राखीव साठ्याचा पुरावा, बऱ्याच एक्सचेंजकडून दाखवला जातो. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे मोठे परदेशी एक्सचेंज बुडाल्यानंतर ही पद्धत वाढली. तिथे ग्राहकांचे पैसे मालकांच्याच दुसऱ्या कंपनीत वळवले गेले होते, आणि एफटीएक्सचा संस्थापक सॅम बँकमन-फ्रीड याला २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. पुरावा पाहताना एकच गोष्ट तपासावी: कंपनीकडे किती नाणी आहेत एवढेच त्यात आहे, की ग्राहकांचे देणे किती आहे हेही आहे? नुसता साठा दाखवून काही सिद्ध होत नाही, कारण देणे साठ्यापेक्षा जास्त असू शकते. शिवाय असा पुरावा एका दिवसाचा असतो, म्हणून तो किती वेळा आणि कोणत्या बाहेरच्या संस्थेकडून तपासला जातो हे पाहावे.

एवढे पाहून झाल्यावर एखादे एक्सचेंज पसंत पडले, तर त्यात मोठी रक्कम टाकण्याआधी थोड्या पैशांत संपूर्ण फेरी करून पाहावी, हा माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. बिटकॉइन पूर्ण एक विकत घ्यावे लागते असा समज अजून आहे. प्रत्यक्षात एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग होतात आणि बहुतेक अ‍ॅपवर काही शे रुपयांचीही खरेदी करता येते. तेव्हा स्वतःच्या नावाच्या बँक खात्यातून थोडे रुपये भरावेत, खरेदी करावी, त्यातला काही भाग विकून रुपये बँकेत परत मागवावेत, आणि उरलेला भाग स्वतःच्या वॉलेटमध्ये पाठवून पाहावा. रुपये परत यायला किती तास लागले, नाणी पाठवताना किती शुल्क कापले, अचानक एखादे नवे कागदपत्र मागितले का, हे वहीत लिहून ठेवावे. नाणी पाठवण्याचे शुल्क अनेकदा ठरावीक असते, त्यामुळे लहान रकमेचा मोठा हिस्सा त्यात जातो. हे आधी कळलेले बरे. पाठवताना जाळे, म्हणजे नेटवर्क, दोन्हीकडे एकच आहे ना हे दोनदा पाहावे. उदाहरणार्थ, यूएसडीटी हे डॉलरच्या किमतीशी जोडलेले एकच नाणे इथेरियमच्या जाळ्यावरही असते आणि ट्रॉनच्या जाळ्यावरही. चुकीचे जाळे निवडून पाठवलेली रक्कम बऱ्याचदा परत मिळत नाही.

स्वतःच्या वॉलेटचा आग्रह मी पहिल्या दिवसापासून सर्वांना करणार नाही. तिथे बारा किंवा चोवीस शब्दांचा एक गुप्त संच मिळतो, तोच त्या वॉलेटची किल्ली असतो, आणि तो हरवला तर दाद मागायला कुणीच नसते. पण लहान रकमेवर ते शिकून घ्यावे, म्हणजे उद्या एक्सचेंजबद्दल शंका आली तर जाण्याची वाट माहीत असेल.

आता भाच्याच्या फीकडे येते. समजा फी अर्धा टक्का आहे. १० हजार रुपयांच्या खरेदीवर ५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९ रुपये. विकताना पुन्हा तेवढेच. आणि विक्रीच्या रकमेवर एक टक्का टीडीएस, म्हणजे १० हजारांना १०० रुपये. हा टीडीएस १ जुलै २०२२ पासून लागू आहे, आणि विवरणपत्र भरताना तो करात वळता होतो, म्हणून तो खर्च धरू नये, पण तेवढे पैसे अडकतात हे खरे. एक नाणे देऊन दुसरे घेतले तरी कायद्याच्या दृष्टीने ती विक्रीच आहे. जिथे फी शून्य लिहिलेली असते, तिथे खरेदीचा आणि विक्रीचा भाव एकाच क्षणी पडताळून पाहावा. ‘झटपट खरेदी’ या बटणामागे दोन भावांत इतके अंतर असते की फी त्यातूनच वसूल होते. ज्या अ‍ॅपवर ऑर्डर बुक, म्हणजे खरेदी-विक्रीच्या मागण्यांची यादी, उघड दिसते आणि आपला भाव टाकून थांबता येते, ते मला नेहमी अधिक प्रामाणिक वाटते.

खरे ओझे फीचे नसून कराचे आहे. नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर चार टक्के उपकर, खरेदीची किंमत सोडून कुठल्याही खर्चाची वजावट नाही, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. एका नाण्यात १० हजार मिळाले आणि दुसऱ्यात १० हजार गेले, तर हातात काहीच उरत नाही, तरी ३,१२० रुपये कर भरावाच लागतो. म्हणून दिवसाला दहा सौदे करण्याचे प्रलोभन दाखवणारे, वायद्यांचे आणि उधारीवरच्या सौद्यांचे पान आधी उघडणारे अ‍ॅप नवख्या माणसाने टाळावे. जे एक्सचेंज टीडीएस स्वतः कापून पॅनवर जमा करते आणि वर्षाचा हिशेब व्यवस्थित देते, ते अर्धा टक्का जास्त घेत असले तरी चालेल.

पी२पी, म्हणजे अनोळखी माणसाशी थेट रुपयांची देवाणघेवाण करून नाणी घेण्या-विकण्याचा मार्ग, सुरुवातीला धरूच नये. नाणी विकताना समोरच्याने पाठवलेले रुपये एखाद्या सायबर फसवणुकीतले निघाले, तर दूरच्या राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून आपल्या बँकेतले खाते गोठवले जाते, आणि ते सोडवण्यासाठी पगारदार माणसाला हेलपाटे घालावे लागतात. व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामच्या गटातून आलेल्या दुव्यावरून कधीही अ‍ॅप घेऊ नये. हुबेहूब दिसणारी बनावट अ‍ॅप असतात, त्यांत नफा वाढताना दिसतो, थोडी रक्कम काढूही देतात, आणि मोठी रक्कम काढायला गेले की ‘आधी कर भरा’ असे सांगतात. तसे झाल्यास क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. खात्याला एसएमएसवरच्या ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅपची दुहेरी सुरक्षा लावावी, कारण सिम बदलून ओटीपी पळवता येतो.

शेवटी कागदपत्रांबद्दल, कारण सेटलमेंटमध्ये काम केलेल्या माणसाला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. डिमॅट खात्याला नामनिर्देशन असते, बँकेलाही असते. क्रिप्टो एक्सचेंजवर ती सोय आहे का, आणि नसेल तर वारसांकडून काय मागितले जाईल, हे ग्राहक सेवेला लेखी विचारून उत्तर जपून ठेवावे, आणि असे खाते आहे ही गोष्ट घरातल्या एका तरी माणसाला माहीत असावी. प्रत्येक ३१ मार्चनंतर वर्षभराचे सौदे, टीडीएस आणि बँकेत आलेले रुपये यांचा उतारा डाउनलोड करून छापून ठेवावा. आयकर विवरणपत्रात आभासी मालमत्तेचे वेगळे परिशिष्ट आहे आणि त्यात प्रत्येक विक्रीची तारीख व खरेदीची किंमत लागते. मुंबईतलेच कॉइनेक्स हे एक्सचेंज जून २०१९ मध्ये बंद झाले. एक्सचेंज बंद पडल्यावर जुने उतारे मिळवणे फार कठीण जाते, म्हणून भाच्याला मी पहिल्या फेरीचा उतारा त्याच संध्याकाळी छापून फाईलला लावायला सांगितला.